प्रार्थनेला वेळच उरत नाही

आलेल्या पत्राचा सारांश: कोल्हापुरात राहणाऱ्या चौतिशीतील एका भगिनीने हे पत्र लिहिले आहे. लग्नापूर्वी त्या रविवारच्या शाळेत शिकवत, मंडळीच्या गायनवृंदात गात आणि रोज पहाटे तासभर शास्त्रवाचन (बायबलचे वाचन) व प्रार्थना करत. आज घरी सात वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा, गुडघेदुखीने बेजार झालेल्या सासूबाई आणि शिरोलीच्या एका फौंड्रीत पाळ्यांनी काम करणारे पती आहेत. पाणी भरणे, डबे, शाळेची रिक्षा, धुणे, भांडी आणि मुलांची आजारपणे यांतून रात्री शास्त्र उघडले की दोन ओळींत डोळा लागतो. रात्रीची कौटुंबिक प्रार्थना मुलांना रागावण्यातच संपते, आणि एकदा मुलीनेच विचारले, ‘आई, आमेन म्हटलं की तू लगेच का ओरडतेस?’ स्त्रियांच्या एका मेळाव्यात वक्त्यांनी सांगितले की, जी स्त्री दिवसाचा पहिला तास देवाला देत नाही तिच्या घरात आशीर्वाद टिकत नाही. सासूबाई म्हणतात, घरकाम हीच देवाची सेवा आहे, मग कुरकुर कशाला? दोन्ही ऐकून या भगिनी अधिकच अपराधी होतात. ‘भांडी घासताना देव भेटतो म्हणतात, मला खरकटेच दिसते. माझ्या दिवसात ख्रिस्ती म्हणावे असे आहे तरी काय?’ असे त्यांनी विचारले आहे. शिवाय येत्या जूनपासून रविवारच्या शाळेचा वर्ग पुन्हा घ्याल का, असे पाळकसाहेबांनी विचारले आहे आणि त्यांना काय उत्तर द्यावे हे सुचत नाही.

प्रिय भगिनी,

जय ख्रिस्त.

‘मला खरकटेच दिसते’ हे तुमचे वाक्य मला फार प्रामाणिक वाटले, म्हणून तिथूनच सुरुवात करते. घरकामाला पवित्र म्हणण्याची आपल्या मंडळ्यांत एक रीत पडून गेली आहे. व्यासपीठावरून ते ऐकायला बरे वाटते. पण मोरीपुढे उभ्या असलेल्या बाईला तसे काहीच जाणवले नाही की, आपला विश्वासच कमी पडतो आहे असे तिला वाटू लागते. तुमच्या विश्वासाला काहीही झालेले नाही. भांडे घासताना खरकटेच दिसायला हवे, एरवी भांडे निघणार कसे? कामाचा अर्थ ते करताना मनात काय दाटून येते यावर ठरत नाही. ते कोणासाठी केले जाते आणि कोणाच्या वतीने केले जाते, यावर ठरतो. म्हणून प्रत्येक कामातून काही तरी जाणवलेच पाहिजे, ही अट तुम्ही स्वतःवरून आधी काढून टाका.

आता त्या पहाटेच्या तासाविषयी. तो तास खरा होता, आणि त्याची हुरहूर लागणे अगदी स्वाभाविक आहे. प्रभू येशू पहाटे, अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेल्याचे मार्काने आपल्या शुभवर्तमानात लिहून ठेवले आहे. तेव्हा एकांताचे मोल मी कमी लेखत नाही. मात्र एक गोष्ट तुम्ही स्वतःला विचारून पाहा. माहेरी तुम्ही पहाटे शास्त्र उघडून बसत होतात, तेव्हा पाणी कोण भरत होते? चहा कोण टाकत होते, घरातल्या सगळ्यांचे डबे कोणाच्या हातचे असत? बहुतेक तुमच्या आईच्या. तिचे काम चालू होते म्हणून तुमचा तास निवांत होता. त्या वेळी तुम्ही देवाजवळ होतात आणि आई देवापासून दूर होती, असे तुम्ही कधीही म्हणणार नाही. आज तिच्या जागी तुम्ही उभ्या आहात, तर तेच माप स्वतःला का लावत नाही?

मेळाव्यातील त्या वक्त्यांचा हेतू चांगलाच असणार. तरीही पहिला तास दिला नाही तर आशीर्वाद टिकत नाही, असे शास्त्र सांगत नाही, आणि ज्या घरात दोन लहान मुले व एक आजारी वृद्धा आहे त्या घरातल्या स्त्रीला असे सांगणे मला योग्य वाटत नाही. कष्टी आणि भाराक्रांत जनांना प्रभू आपल्याकडे बोलावतो, ते विसावा देण्यासाठी. त्यांच्या शिरावर आणखी एक भार ठेवण्यासाठी तो बोलावत नाही. प्रार्थनेच्या लांबीविषयी बोलायचे तर मला नेहमी शास्त्रातला नहेम्या आठवतो. तो पारसाच्या (इराणच्या) राजाचा प्यालेबरदार होता. राजाने त्याला ‘तुझी मागणी काय?’ असे विचारले आणि नहेम्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना करून राजाला उत्तर दिले. प्रश्न आणि उत्तर यांच्या मधल्या जागेत, हाती काम असताना, राजापुढे उभ्या उभ्या केलेली ती प्रार्थना काही क्षणांचीच असणार. तरी शास्त्राने तिची नोंद ठेवली आणि यरुशलेमेच्या भिंती बांधण्याचे काम तिथूनच सुरू झाले. तिला आपण अपुरी प्रार्थना म्हणत नाही.

तुम्ही लिहिले नसले तरी मार्थेचा दाखला तुम्हाला कोणी ना कोणी दिलाच असेल, कारण आपल्याकडे दमलेल्या बायकांना तो हमखास दिला जातो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात मार्था फार कामामुळे तारांबळीत आहे आणि मरिया प्रभूच्या पायांशी बसली आहे. तिथे प्रभू मार्थेच्या चिंतेला आणि दगदगीला नाव देतो. स्वयंपाक कमी प्रतीचा आहे असा शब्दही त्याच्या तोंडून निघत नाही. पुढे योहानाच्या शुभवर्तमानात, भाऊ मेलेला असताना, ‘तू ख्रिस्त आहेस’ हा स्पष्ट अंगीकार हीच मार्था करते, आणि बाराव्या अध्यायात बेथानीच्या मेजवानीत ती पुन्हा वाढताना दिसते. या वेळी तिला कोणीही टोकत नाही. काम तेच आहे, मधल्या काळात तिच्या मनाची घालमेल निवली आहे. तिचे काम काढून घेतले गेले नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपण रोज प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागतो. घरातल्या पाच जणांनी ती प्रार्थना म्हटली, तर तिचे उत्तर त्यांच्या ताटात कसे येते याचा विचार करून पाहा. शेतात कोणी तरी जोंधळा पिकवतो, कोणी तो बाजारात आणतो, गिरणीवाला दळून देतो, आणि शेवटी तुमचे हात ते पीठ मळून तव्यावर टाकतात. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ साली आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरीत असे मांडले की, देव आपल्याला जे काही देतो ते इतर माणसांच्या व सृष्टीच्या द्वारे देतो, आणि त्याचे उदाहरण म्हणून त्यांनी तान्ह्या बाळाला मिळणारे आईचे दूध घेतले. म्हणजे देव आधी आणि घरकाम नंतर अशी दोन वेगळी खाती करण्याची गरजच उरत नाही. तुमच्या मुलांनी मागितलेल्या भाकरीचे उत्तर देव तुमच्या हातांनी देतो. तुमच्या दिवसात ख्रिस्ती काय आहे, या प्रश्नाचे माझे उत्तर हेच आहे, आणि त्यासाठी तुम्हाला तुमच्या कामावर वेगळे काही चिकटवावे लागत नाही.

याच ल्यूथर यांनी १५२२ साली विवाहित जीवनाविषयी लिहिताना म्हटले होते की, बाप मुलाचे लंगोट धूत असेल आणि लोक त्याला हसत असतील, तर देव आपल्या सर्व दूतांसह आनंदाने हसतो, कारण तो हे विश्वासाने करतो आहे. हा उतारा मला फार प्रिय आहे, आणि त्यातला बाप आपण नजरेआड करू नये असेही वाटते. मात्र ते लिहिताना ल्यूथर अविवाहित होते. १५२५ साली त्यांचे लग्न झाले आणि पुढे त्यांच्या भल्यामोठ्या घराचा, शेतीचा आणि तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्यांचा कारभार त्यांच्या पत्नी कॅथरिना यांनीच पेलला. घरकामाचा गौरव करणे सोपे असते, म्हणून गौरव करणारा त्यातले किती उचलतो हेही पाहावे लागते.

इथेच सासूबाईंच्या वाक्याकडे येते. ‘घरकाम हीच देवाची सेवा’ हे वाक्य खरे आहे. एखाद्या थकलेल्या बाईने स्वतःच्या मनाला ते म्हटले तर त्यातून तिला बळ मिळते. तेच दुसऱ्याने तिला गप्प करण्यासाठी म्हटले तर त्यातले सत्य तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. आणि ती खरोखरच सेवा असेल, तर त्या सेवेपासून घरातल्या इतरांना दूर का ठेवायचे? शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी घेतले आणि शिष्यांचे पाय धुतले. ते त्या काळी घरातल्या दासाचे काम होते. ‘तुम्हीही एकमेकांचे पाय धुवावे’ ही आज्ञा त्याने त्या रात्री मेजाभोवती बसलेल्या पुरुषांना दिली. पुनरुत्थानानंतरही तिबिर्या समुद्राच्या काठी, रात्रभर जाळी टाकून थकलेल्या शिष्यांसाठी त्यानेच निखाऱ्यांवर मासळी व भाकर करून ठेवली आणि त्यांना न्याहारीला बोलावले. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसापुढे तुम्ही गरम चहा आणि भाकरी ठेवता, तेव्हा तुम्ही नेमके तेच करत असता. फक्त तुमच्यासाठी असे कोण करते, हा प्रश्न तुमच्या घरात कोणी तरी विचारायला हवा.

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी जे नियम लिहिले त्यांत स्वयंपाकघरावर एक स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते आपल्या प्रत्येक घरात मोठ्याने वाचले जावे असे मला वाटते. स्वयंपाकाची आणि वाढण्याची पाळी आठवड्याआठवड्याने सगळ्यांवर येते. आजारपण किंवा अत्यंत महत्त्वाचे काम असल्याशिवाय कोणाला सूट नाही. आठवडा संपवणारा भाऊ शनिवारी साफसफाई करतो, पुसण्याची फडकी धुतो, आणि पाळी संपवणारा व पाळी घेणारा असे दोघे मिळून सर्वांचे पाय धुतात. भांडी स्वच्छ आणि धडकी परत द्यायची असतात. रविवारी सर्वांसमोर त्यांच्यासाठी प्रार्थना होते. या सगळ्याच्या मध्ये एक लहानशी तरतूद आहे: वाढणाऱ्यांना जेवणाच्या वेळेआधी नेहमीच्या वाट्याखेरीज थोडी भाकर आणि एक प्याला पेय द्यावे, म्हणजे ते कुरकुर न करता आणि फार कष्ट न होता वाढू शकतील. कुरकुर होते ती पोटात भूक असते म्हणून, हे बेनेडिक्टांनी ओळखले होते आणि त्यावर उपदेश करण्याऐवजी त्यांनी खायला दिले.

आपल्या घरांत वाढणारी बाई शेवटी जेवते. सगळ्यांची पाने झाली, तवा गार झाला, की उरलेल्या कालवणात ती भाकरी बुडवते. तुम्ही रात्रीच्या प्रार्थनेला बसता तेव्हा तुमचे जेवण झालेले असते का, हे पत्रात नाही. माझा अंदाज आहे की बहुधा नसते. आमेननंतर लगेच आवाज चढतो त्यामागे हेही एक कारण असू शकेल. म्हणून पहिली सूचना अगदी साधी आहे. संध्याकाळी भाकरीला बसण्याआधी पहिली भाकरी तुम्ही खा, गूळ-शेंगदाण्यांबरोबर का होईना. यात स्वार्थ नाही.

पतींशी बोलताना ‘मला मदत करा’ असे मोघम सांगू नका, कारण मदत मागितली की काम तुमचेच राहते आणि त्यांच्याकडे केवळ उपकार जातो. त्यांच्या पाळ्या पाहून नेमकी कामे त्यांच्याकडे द्या. पहिली पाळी असलेल्या आठवड्यात ते संध्याकाळी घरी असतात. त्या आठवड्यात मुलांना जेवू घालणे, धाकट्याला झोपवणे आणि प्रार्थना घेणे हे त्यांचे. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात मुलीची तयारी करून तिला रिक्षात बसवणे त्यांचे. रात्रपाळीत त्यांना दिवसा झोप हवीच असते, त्या आठवड्यात फक्त पाणी भरून देणे पुरे. फौंड्रीतले काम भट्टीजवळचे असते, तापलेल्या वाळूचे आणि जड साच्यांचे असते, आणि ते दमून येतात हे खरे आहे. तरीही दमलेली माणसे घरात दोन आहेत, हे त्यांच्याशी बोलताना दोघांनीही मोकळेपणाने मान्य करावे. हे सदर वाचणाऱ्या वडिलांनीही आपापल्या पाळ्या डोळ्यांसमोर ठेवून हा परिच्छेद एकदा वाचावा.

आता प्रार्थनेची गोष्ट. भाकरी थापताना हात गुंतलेले असतात आणि मन बरेचसे मोकळे असते. परातीत पीठ मळून घेतले, गोळा तळहाताने दाबत, फिरवत मोठा केला, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवले, एक बाजू भाजून ती उलटली आणि फुगायला विस्तवावर धरली, इतक्या वेळात एका माणसासाठी देवाजवळ बोलणे सहज होते. म्हणून एकेका भाकरीला घरातल्या एकेकाचे नाव घ्या. मुलीच्या भाकरीला तिच्या गणिताच्या पेपरविषयी बोला, सासूबाईंच्या भाकरीला त्यांच्या गुडघ्यांविषयी, पतींच्या भाकरीला त्यांच्या सुरक्षिततेविषयी, आणि स्वतःच्या भाकरीला स्वतःविषयी. ती गाळू नका. जात्यावर बसलेल्या आपल्या पणज्या ओवीत लेकराबाळांची, भावाची, माहेराची नावे गुंफत असत. कामात माणसांची नावे घेण्याची ही आपल्या भागातली जुनीच रीत आहे, तिचे तोंड ख्रिस्ताकडे वळवायचे, एवढेच. मात्र एखाद्या दिवशी भाकरी करपली आणि नाव राहून गेले, तर त्याचे प्रायश्चित्त घेऊ नका. उद्या पुन्हा भाकरी करायचीच आहे.

शास्त्रवाचनासाठी रात्रीची वेळ मात्र सोडून द्या. झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी अध्याय पुरा करण्याचा हट्ट कोणाच्याच उपयोगाचा नाही. सकाळी रिक्षा गेल्यावर आणि धाकटा उठण्यापूर्वी चहाचा कप हाती घेऊन दहा ओळी वाचा. एकच शुभवर्तमान घ्या, मार्काचे घेतलेत तर बरे, कारण त्यातले प्रसंग आटोपशीर आहेत. तेवढ्यात धाकटा उठला तर शास्त्र मिटून त्याला जवळ घ्या, आणि त्या दिवशी तेवढेच वाचायचे होते असे समजा. ज्यांना सकाळी नोकरीवर पोचायचे असते त्या बहिणींना ही दहा मिनिटे बसमध्ये किंवा जेवणाच्या सुट्टीत मिळू शकतील.

तुमच्या मुलीच्या प्रश्नाने तुम्ही खचला आहात असे पत्रावरून वाटले. मला तो प्रश्न आशेचा वाटतो. प्रार्थनेनंतर माणसाचे वागणे बदलायला हवे, ही सात वर्षांच्या मुलीची अपेक्षा आहे आणि ती ती निर्भयपणे आईला सांगू शकते. तिला याचे उत्तर मिळायला हवे. ‘माझं चुकलं. मी दमले होते, पण म्हणून ओरडायला नको होतं. मला क्षमा कर,’ असे तिच्या डोळ्यांत पाहून म्हणा, आणि पुढच्या प्रार्थनेत देवाकडेही तिच्यासमोर क्षमा मागा. आपण मुलांना वधस्तंभाविषयी आणि क्षमेविषयी वचने पाठ करून देतो. पण क्षमा मागणारी मोठी माणसे त्यांना क्वचितच पाहायला मिळतात. रविवारच्या शाळेचे वर्षभराचे धडे जे शिकवतील ते तुमच्या त्या दोन वाक्यांत तिला कळेल, असे मी पूर्ण खात्रीने म्हणते.

रात्रीच्या प्रार्थनेचा आकार लहान करा. एक वचन, प्रत्येकाने आभाराची एक गोष्ट, एका भजनाचे एक कडवे आणि प्रभूची प्रार्थना, एवढ्याला पाच मिनिटे पुरतात. भजन मुलीला निवडू द्या. धाकटा त्या वेळी घरभर फिरला तर फिरू द्या. अडीच वर्षांच्या मुलाने हात जोडून बसावे ही अपेक्षा आपण पाहुण्यांसमोर ठेवतो, देवाने ठेवलेली नाही. त्याच्या कानावर कडवे पडते आहे, तेवढे त्याच्या वयाला पुरे. शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना देवाची वचने कधी सांगायची याच्या ज्या वेळा दिल्या आहेत त्या पाहा: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना. यातली प्रत्येक वेळ रोजच्या व्यवहारातली आहे आणि कशासाठीही वेगळी बैठक मांडायला सांगितलेली नाही. रिक्षाची वाट पाहताना, रंकाळ्यावर फिरायला गेल्यावर, तापात कपाळावर पट्ट्या ठेवताना मुले जे विचारतात त्याला खरी उत्तरे देत राहा.

मुलांना एकेकटे भेटणेही आवश्यक आहे. मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे भाऊ जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांच्या आई सुझाना यांना एकोणीस अपत्ये झाली, त्यांतली दहा मोठी झाली. १७१२ साली पतीला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी आपला क्रम सांगितला आहे: आठवड्यातली एकेक संध्याकाळ एकेका मुलासाठी राखलेली, त्या वेळी त्या मुलाशीच बोलायचे. त्यांच्या घरी कामाला माणसे होती, म्हणून त्यांच्या वेळापत्रकाची बरोबरी करण्याची गरज नाही. पण शनिवारी संध्याकाळी पंधरा मिनिटे फक्त मुलीची, धाकटा आजीजवळ, असे ठरवता येईल. तिला त्या वेळी काही शिकवू नका. ती जे सांगेल ते ऐका.

आजीजवळ म्हटले ते विचारपूर्वक म्हटले. सासूबाईंना गुडघ्यांमुळे ओट्यापाशी उभे राहवत नाही, आणि जे काम आयुष्यभर केले ते आता होत नाही याचा सलही त्यांच्या त्या वाक्यात असावा. त्यांना बसल्या जागी करता येईल असे मोलाचे काम द्या. भाजी निवडणे आहेच. त्याहून मोठे म्हणजे मुलांना शास्त्रातल्या गोष्टी सांगणे आणि त्यांना येणारी जुनी भजने शिकवणे. प्रेषित पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिताना त्याचा विश्वास आधी त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्या ठायी होता, असे दोघींची नावे घेऊन सांगितले आहे. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, तिथपासूनचा आपल्या इथल्या मंडळ्यांचा इतिहास आपण मिशनरी, शाळा आणि दवाखाने यांच्या नावांनी सांगतो. त्या सगळ्या काळात घराघरांत ज्या आज्यांनी नातवंडांना मांडीवर घेऊन प्रभूची प्रार्थना शिकवली त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, तरी आपल्यातल्या बहुतेकांचा विश्वास त्यांच्याकडूनच आलेला आहे. सासूबाईंना हे असेच सांगा. घरात त्यांचे एक स्थान आहे हे त्यांना जाणवले, तर तुमच्यावर त्यांची नजर थोडी मवाळ होईल, अशी आशा आहे.

रविवारविषयी मला थोडे आग्रहाने सांगायचे आहे. कोल्हापुरात रविवार म्हणजे मटण, आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शाचा बेत म्हणजे बाईचे तीन तास. उपासनेहून आल्यावर घरातली सगळी विसावतात आणि ती वाटण वाटत उभी राहते. विसाव्याच्या दिवसाची आज्ञा अनुवादाच्या पाचव्या अध्यायात वाचून पाहा: तुझ्याप्रमाणे तुझ्या दासाला व दासीलाही विसावा मिळावा, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे आणि बैल व गाढव यांचीही नावे घेतली आहेत. ज्या घरात एक माणूस वगळून सगळ्यांना विसावा मिळतो तिथे ही आज्ञा अर्धीच पाळली जाते. मटण शनिवारी रात्री करा, किंवा महिन्यातले दोन रविवार पतींना करू द्या. कोल्हापूरच्या पुरुषांना मटण करता येत नाही असे कोणी म्हणणार नाही. धुण्याभांड्यांना एखाद्या मावशी येत असतील तर त्यांनाही रविवारी पगारी सुट्टी द्या.

एक गोष्ट काळजीने विचारते. हा थकवा झोप मिळाल्यावर कमी होतो का? कित्येक आठवडे रडू येत राहणे, मुलांचा आनंदही मनाला न शिवणे, झोपण्याची संधी मिळूनही झोप न लागणे, असे काही होत असेल तर लवकर डॉक्टरांना भेटा आणि पतींना बरोबर घेऊन जा. एलीया संदेष्टा रतमाच्या झुडपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा दूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला दिले. होरेब डोंगरावर देव मंद वाणीने त्याच्याशी बोलला तो प्रसंग त्यानंतरचा आहे. शरीराची आणि मनाची तपासणी करून घेणे हे अविश्वासाचे लक्षण नाही.

शेवटी पाळकसाहेबांच्या विचारण्याविषयी. माझा स्पष्ट सल्ला आहे की, येत्या जूनसाठी नाही म्हणा. तुम्हाला शिकवण्याची देणगी आहे आणि ती वाया जाणार नाही. पण आज तो वर्ग म्हणजे शनिवारची रात्र तयारीत जाणे आणि रविवारी सकाळी घरात चिडचिड होणे, आणि त्याचा भार तुमच्या मुलीवर पडेल. नाही म्हणताना केवळ नकार देऊन थांबू नका. नाताळच्या कार्यक्रमासाठी मुलांची गाणी बसवायची असतात, ते काम थोड्या आठवड्यांचे असते आणि तुमच्या गळ्याचे आहे. मुलीला बरोबर नेता येईल, तेव्हा ते घेण्याची तयारी दाखवा. पुढच्या वर्षी धाकटा साडेतीन वर्षांचा होईल आणि लहान मुलांच्या वर्गात बसू शकेल, तेव्हा पतींच्या पाळ्या पाहून महिन्यातून दोन रविवार घ्यायचे की नाही ते ठरवा. मात्र पाळकसाहेबांना हे येत्या रविवारीच सांगा, म्हणजे जूनपूर्वी दुसरी शिक्षिका शोधायला त्यांना वेळ मिळेल.